कीपर लीग: लिलावाआधी संघ तपासून द्या, सहा कोण ठेवू?

एडिसनकर | ९ मार्च २०२५, १०:१५

वर्ल्ड सिरीजच्या धाग्यावर इतके बेसबॉलवेडे सापडले होते की हा प्रश्न घेऊन इथेच यावंसं वाटलं. आमच्या फँटसी लीगचा (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करून त्यांच्या मोसमातल्या आकड्यांवर गुण मोजायचा खेळ) लिलाव शनिवारी, २२ मार्चला आहे. त्याआधी रविवारी १६ तारखेपर्यंत जुन्या संघातले कोण ठेवणार ते कळवायचं आहे. रोज यादी करतोय आणि रोज ती वेगळी होतेय.

नियम थोडक्यात. बारा संघ, प्रत्येकाकडे २६० डॉलर, २३ खेळाडू (१४ बॅटर, ९ पिचर म्हणजे गोलंदाज; बॅटरांत कॅचर म्हणजे यष्टिरक्षक दोन लागतात). रकाने नेहमीचे दहा: बॅटिंग सरासरी, होमरन, आरबीआय (आपल्या फटक्याने आणलेल्या धावा), धावा, स्टील (बेसचोरी), आणि पिचरांचे विजय, सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखणं), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरच्या धावा), व्हिप (दर इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक). प्रत्येक रकान्यात पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १. जास्तीत जास्त सहा खेळाडू ठेवता येतात, पण ठेवलेल्याची किंमत दरवर्षी ५ डॉलरने वाढते.

माझ्याकडचे, यंदाच्या किमतीसह:

बॉबी विट ज्युनिअर – ३७
एली दे ला क्रूझ – १७
जॅक्सन चुरिओ – १५
तारिक स्कूबल – १३
कॉर्बिन कॅरल – २५
रोनाल्ड अकुन्या ज्युनिअर – ४३
गेरिट कोल – २२
विल्यम कॉन्ट्रेरास – १६
जेम्स वुड – १०
मेसन मिलर – ९
कुमार रॉकर – ६

विट, एली, चुरिओ आणि स्कूबल यांच्याबद्दल मनात शंका नाही. उरलेल्या दोन जागांपैकी एकीवर अकुन्या असावा असं फार वाटतं. २०२२ मध्ये तो गुडघ्याच्या ऑपरेशनमधून उठत होता तेव्हा २८ला घेतला होता, आणि २०२३ला लीग जिंकलो ती त्याच्याच जोरावर. एका मोसमात ४१ होमरन आणि ७३ स्टील! त्याआधी चाळीस-सत्तर कोणालाच जमलं नव्हतं. आता दुसरा गुडघा गेलाय आणि सुरुवातीला तो खेळणार नाही, हे माहीत आहे. कोलचं कोपरही दुखतंय अशी बातमी आहे, तपासण्या चालू आहेत.

स्पष्ट मतं हवी आहेत.

---

मीठभाकर | ९ मार्च, १०:५२

अकुन्या ४३ला? अजिबात नाही. बाकी सविस्तर रात्री लिहितो.

---

गल्लीक्रिकेट | ९ मार्च, ११:३०

मी ठाण्यात बसून हा धागा वाचतोय. बेसबॉलमधलं फारसं कळत नाही, पण हे आयपीएलच्या रिटेन्शनसारखंच दिसतंय. मुंबई इंडियन्सने जेद्दाच्या लिलावाआधी बुमराह, सूर्या, हार्दिक, रोहित आणि तिलक अशा पाच जणांना ७५ कोटींत ठेवलं होतं. १२० कोटींतले ४५ उरले आणि त्यात बाकीचा अख्खा संघ उभा केला. एडिसनकर, तुमच्या सहा जणांवर किती जाणार आणि किती उरणार? मी आधी तेवढंच बघितलं असतं.

---

एडिसनकर | ९ मार्च, ११:४८

@गल्लीक्रिकेट, पहिले चार मिळून ८२. त्यात वुड (१०) आणि अकुन्या (४३) धरले तर १३५. म्हणजे १७ जागांसाठी १२५ उरतात. अकुन्याऐवजी कॅरल ठेवला तर १४३ उरतात.

---

आकडेमोड | ९ मार्च, १४:२०

गल्लीक्रिकेटने अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय, फक्त हिशेब आणखी एक पायरी पुढे न्यायला हवा. बारा जणांकडे मिळून ३१२० डॉलर. समजा सगळ्यांनी मिळून ७२ खेळाडू ठेवले, त्यांच्या ठेवलेल्या किमतींची बेरीज ९०० आणि बाजारभावाने लायकी १४००. आता लिलावात पैसे उरले २२२०, पण माल उरला १७२०चा. भागाकार १.२९. म्हणजे लिलावात प्रत्येक गोष्ट सुमारे २९ टक्क्यांनी महाग मिळणार. तुमच्या लीगचे खरे आकडे १६ तारखेनंतर कळतील, पण कीपर लीगमध्ये अशी महागाई होतेच.

आता तुमची यादी या महागाईतून बघा. कंसाबाहेरचा आकडा माझ्या अंदाजाने साधा बाजारभाव, कंसातला महागाई धरून:

विट ४८ (६२), एली ४२ (५४), कॅरल ३४ (४४), स्कूबल ३३ (४३), चुरिओ ३२ (४१), अकुन्या २८ (३६), वुड २० (२६), कॉन्ट्रेरास २० (२६), मिलर १७ (२२).

३७ हा विटचा आकडा वरवर मोठा वाटतो, पण प्रत्यक्षात त्याच्यावर २५ डॉलर वाचतात. अकुन्यावर, महागाई धरूनसुद्धा, ७ डॉलरचा तोटा. त्याला सोडा आणि लिलावात ३६पर्यंत बोली लावा. मिळाला तर आज ठेवण्यापेक्षा स्वस्तात मिळेल. सोडला म्हणजे तो हातातून गेलाच असं नाही.

---

मीठभाकर | ९ मार्च, २१:१०

आकडेमोडने पैशाची बाजू मांडली, मी मैदानावरची मांडतो. अकुन्याचा उजवा गुडघा जुलै २०२१ मध्ये गेला. एप्रिल २०२२च्या शेवटी तो परतला आणि त्या वर्षी ११९ सामन्यांत फक्त १५ होमरन, २९ स्टील, सरासरी .२६६. परतला लवकर, पण ताकद परत यायला वर्ष लागलं. २०२३ हे दुसरं वर्ष होतं, तुमचं जिंकलेलं. आता मे २०२४ला पिट्सबर्गमध्ये डावा गुडघा गेला, म्हणजे २०२५ हे पुन्हा पहिलं वर्ष. शिवाय दुखापतीआधीच्या ४९ सामन्यांत त्याची सरासरी .२५० आणि होमरन चार होते, हेही विसरू नका.

त्याच्यावर प्रेम माझंही आहे. मी अटलांटात राहतो, तो पहिला बेस सोडून दुसऱ्याकडे झेपावतो तेव्हा सगळं ट्रुइस्ट पार्क उभं राहतं. पण ४३ डॉलर देऊन नाही.

---

कोपऱ्यातला_कॅचर | ९ मार्च, २२:०५

माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी सगळीकडे सांगतो: पिचर ठेवू नका. कोणताच नको. गेल्या दोन वर्षांत कोपरासाठी ऑपरेशन टेबलावर गेलेल्यांची नावं बघा. डीग्रॉम, मॅक्लॅनहन, ओहतानी, अल्कांटारा, युरी पेरेझ, बीबर, स्ट्रायडर. स्ट्रायडरने २०२३ मध्ये २० विजय आणि २८१ स्ट्राइकआउट घेतले, पुढच्या एप्रिलमध्ये कोपर गेलं. हे सगळे आपापल्या वेळी कोणाच्या ना कोणाच्या यादीत "यांच्याबद्दल शंका नाही" असेच होते.

कोल तर आजच सोडा. स्कूबल विकून त्याच्या जागी बॅटर घ्या.

---

डेट्रॉइटकरीण | ९ मार्च, २३:४०

स्कूबल विका?? कॅचरभाऊ, १३ डॉलरला?

गेल्या वर्षी १८ विजय-४ पराभव, ईआरए २.३९, २२८ स्ट्राइकआउट. विजय, ईआरए आणि स्ट्राइकआउट या तिन्ही रकान्यांत अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) पहिला, आणि साय यंगची (सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराची) पहिल्या क्रमांकाची सगळी मतं त्याला. टायगर्स २०१४नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये पोहोचले ते याच्यामुळे. आम्ही कोमेरिका पार्कात थंडीत कुडकुडत बघितलंय. त्याचा चेंजअप (फसवा संथ चेंडू) समोरच्याच्या बॅटखालून असा निघून जातो की बॅटर आपल्या बॅटकडे बघत राहतो.

धोका आहे हे मान्य. कॉलेजात असताना टॉमी जॉन (कोपराच्या लिगामेंटचं ऑपरेशन) झालंय, २०२२ मध्ये हाताच्या फ्लेक्सर टेंडनचं ऑपरेशन झालंय. पण धोका किंमत ठरवताना मोजायचा असतो. ३३ला घेतलेल्या पिचरचं कोपर गेलं तर ३३ बुडाले, १३ला ठेवलेल्याचं गेलं तर १३. तेरा डॉलरला तो निम्मा मोसम खेळला तरी पैसे वसूल.

आणि क्लीव्हलंडमध्ये शेवटच्या सामन्यात लेन थॉमसने त्याला मारलेल्या ग्रँड स्लॅमचा (तिन्ही बेस भरलेले असतानाच्या होमरनचा) विषय कृपया कोणी काढू नये. अजून झोंबतं.

---

निवांत_नागपूर | १० मार्च, ०६:१५

वाचतोय. +१ डेट्रॉइटकरीणताईंना, विषय काय आहे ते नीट कळलं नसलं तरी.

---

चिंचपोकळी_एक्सप्रेस | १० मार्च, ०८:३०

सगळे एकेका खेळाडूचा भाव लावताय, पण संघ म्हणून कोणी बघितलंच नाही. गेल्या वर्षाच्या स्टील मोजा: एली ६७, कॅरल ३५, विट ३१, चुरिओ २२, वुड १४ (आणि त्याचं पदार्पण जुलैत झालं!). पाच जणांत १६९. होमरन मोजा: विट ३२, एली २५, कॅरल २२, चुरिओ २१, वुड ९. एकूण १०९. पाच बॅटर आणि चाळीसच्या आसपास एकही नाही.

स्टीलच्या रकान्यात पहिल्याला १२ गुण मिळतात. दुसऱ्यापेक्षा एकने पुढे असा किंवा ऐंशीने, गुण तेवढेच. २०२३ला बेस १५ इंचांवरून १८ इंच केले आणि पिचरच्या पिकऑफवर (बेसवरच्या धावकाला बाद करायच्या फेकीवर) मर्यादा आली, तेव्हापासून बेसचोरी दुर्मीळ राहिलेली नाही. दोन्ही लीग मिळून २०२२ मध्ये २४८६ स्टील होत्या, २०२३ला ३५०३, गेल्या वर्षी ३६१७. लिलावात शेवटी एक-दोन डॉलरलाही वीस स्टील करणारा कोणीतरी मिळतो. त्या रकान्यात चार-पाच कीपर अडकवण्यात काय अर्थ?

म्हणून माझं मत: कॅरल नको, कॉन्ट्रेरास ठेवा. दोन कॅचरांच्या लीगमध्ये २३ होमरन, ९२ आरबीआय, ९९ धावा आणि .२८१ देणारा कॅचर सोडला तर त्या जागी जे मिळतं ते बघून रडू येतं.

---

आकडेमोड | १० मार्च, ०९:०५

एक्सप्रेस, निदान मान्य, औषध अमान्य. कॉन्ट्रेरासवर १० डॉलर वाचतात, कॅरलवर १९. मार्चमध्ये संघ समतोल असण्याची गरज नाही, आधी जास्तीत जास्त लायकी गोळा करायची. स्टील जास्त झाल्या तर मे महिन्यात ज्याच्याकडे कमी आहेत त्याला विकायच्या. शिवाय १४३ डॉलर हातात असतील, ते सगळे होमरनवर लावता येतील.

आणि कॅरलचं वर्ष वरवर बघू नका. सरासरी .२३१ ही खरी, पण २२ होमरनपैकी १७ ऑल-स्टार ब्रेकनंतरचे (जुलैतल्या सुट्टीनंतरचे). तशा वर्षातही १२१ धावा आहेत.

---

चिंचपोकळी_एक्सप्रेस | १० मार्च, ०९:२०

मे महिन्यात विकायला समोर घेणारा लागतो. आमच्या लीगमध्ये सगळ्यांनाच ठाऊक असतं की तुमच्याकडे स्टीलचा ढीग आहे, त्यामुळे भाव पाडून मागतात. हा अनुभव आहे, अंदाज नाही.

---

फ्रीमाँट_फाटा | १० मार्च, १३:००

मिलरबद्दल कोणी बोलतच नाही म्हणून लिहितो. ६५ इनिंगमध्ये १०४ स्ट्राइकआउट आणि २८ सेव्ह, तेही बोट मोडून काही आठवडे बाहेर बसून. ९ डॉलरला असा क्लोजर (शेवटचा डाव टाकून सेव्ह घेणारा पिचर) कोण सोडतं? फक्त एक बघा, अ‍ॅथलेटिक्स यंदा सॅक्रामेंटोला खेळणार, मायनर लीगच्या मैदानावर. तिथे उन्हाळ्यात चेंडू कसा उडेल ते दिसेलच.

गेल्या २६ सप्टेंबरला ऑकलंड कोलिझियममधला शेवटचा सामना बघायला मी मुलीला घेऊन गेलो होतो. शेवटचा डाव मिलरनेच टाकला. आम्ही ३-२ जिंकलो, आणि नंतर कितीतरी वेळ कोणी जागेवरून उठेना. लोक मैदानाची माती पिशवीत भरून नेत होते. तीस वर्षं इथे राहिलो, हे शहर पहिल्यांदा आपलं वाटलं ते त्या मैदानावर. हिशेबाच्या धाग्यात हे अवांतर आहे, पण मिलरचं नाव आलं आणि राहवलं नाही.

---

डेट्रॉइटकरीण | १० मार्च, १३:२५

काका, अवांतर नाही. लिहीत जा.

---

एडिसनकर | १० मार्च, २१:४५

बातमी आली. कोलला टॉमी जॉन करावी लागणार. मोसम संपला.

यांकीजच्या घरात आज सुतक आहे. लुईस गिल आधीच लॅटच्या (पाठीच्या स्नायूच्या) दुखापतीने बाहेर, स्टँटनची दोन्ही कोपरं दुखतायत, आणि आता हा. २०२३चा साय यंग विजेता, ३४ वर्षांचा. माझ्या यादीतून त्याचं नाव खोडायला दोन सेकंद लागले, पण चाहता म्हणून फार वाईट वाटतंय. तो परत आलेला बघायचा आहे.

---

कोपऱ्यातला_कॅचर | १० मार्च, २२:१०

बरोबर ठरल्याचा आनंद अजिबात नाही. लवकर बरा होवो. पण स्कूबलबद्दल पुन्हा विचार करा, एवढंच.

---

डेट्रॉइटकरीण | १० मार्च, २२:१८

नाही.

---

मीठभाकर | ११ मार्च, ०७:४०

वातावरण हलकं करायला एक गोड बातमी. चुरिओचा आज एकविसावा वाढदिवस! गेल्या वर्षी विसाव्या वर्षी २१ होमरन, २२ स्टील, .२७५. मिलवॉकीने एकही मेजर लीग सामना खेळण्याआधी त्याच्याशी ८ वर्षांचा ८२ दशलक्ष डॉलरचा करार केला तेव्हा लोक भुवया उंचावत होते. पहिल्या दोन महिन्यांत चाचपडला, जूनपासून त्याला कळलं की काय सोडून द्यायचं. १५ डॉलरला हा तुमच्याकडे पुढची दोन-तीन वर्षं राहू शकतो, हे मूल्य आकडेमोडच्या तक्त्यात नाही.

---

आकडेमोड | ११ मार्च, ०८:००

खरंय, नाही. यंदाचाच भाव लावला होता. पुढची वर्षं धरली तर वुड आणि चुरिओ दोघेही वर जातात आणि मिलर खाली. क्लोजरची नोकरी वर्षभरात जाऊ शकते, सहा फूट सात इंचांचा बावीस वर्षांचा आउटफिल्डर वुड कुठे जात नाही. वॉशिंग्टनने स्टार बॅटर सोटोला सॅन डिएगोला दिलं तेव्हा बदल्यात मागून घेतलेला पोरगा आहे तो.

---

गल्लीक्रिकेट | १२ मार्च, १०:१०

यादीत शेवटी कुमार रॉकर दिसतोय. हा आपला का?

---

एडिसनकर | १२ मार्च, १०:४०

@गल्लीक्रिकेट, आईकडून भारतीय वंशाचा. वडील ट्रेसी रॉकर, अमेरिकन फुटबॉलमधलं मोठं नाव. कुमारने २०१९ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून ड्यूकविरुद्ध नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकला होता, १९ स्ट्राइकआउटसह. मग २०२१ला मेट्सनी निवडला पण करार झाला नाही, २०२२ला टेक्सासने तिसऱ्या क्रमांकावर घेतला, २०२३ला टॉमी जॉन. गेल्या सप्टेंबरमध्ये सिएटलमध्ये पदार्पण. त्याचा स्लायडर (वेगात वळणारा चेंडू) बघाच एकदा.

माझी दहा वर्षांची मुलगी त्याच्या नावाची जर्सी मागते. मैदानावर पाठीवर रॉकर लिहिलेलं असतं, पण निवेदक "कुमार" म्हणाला की ती मान वर करून बघते.

---

चिंचपोकळी_एक्सप्रेस | १२ मार्च, ११:०५

६ डॉलरला कीपरची जागा नाही देता येणार. लिलावात किंवा रिझर्व्हमध्ये (राखीव खेळाडूंच्या निवडीत) घ्या. जर्सी मात्र आजच घ्या.

---

एडिसनकर | १३ मार्च, २०:३०

होळीच्या सगळ्यांना शुभेच्छा. पोळीचा घास तोंडात असताना लीगमधल्या एकाचा मेसेज आला: झॅक व्हीलर (३१) घे आणि कॅरल (२५) दे. व्हीलर गेल्या वर्षी १६-७, ईआरए २.५७, २२४ स्ट्राइकआउट. कोल गेल्यावर मला पिचर लागणार हे त्याने बरोबर ओळखलंय. काय करू?

---

कोपऱ्यातला_कॅचर | १३ मार्च, २०:४१

नको नको नको.

---

डेट्रॉइटकरीण | १३ मार्च, २१:१५

इथे मी चक्क कॅचरभाऊंच्या बाजूने. व्हीलर अप्रतिम आहे, पण ३४ वर्षांचा, आणि ३१ डॉलर हा जवळजवळ त्याचा पूर्ण भाव. स्कूबल १३ला ठेवणं वेगळं आणि व्हीलर ३१ला ठेवणं वेगळं. तुमची जागा जाईल, पैसेही जातील आणि २४ वर्षांचा कॅरलही जाईल. पिचर लिलावात घ्या. लोगन वेबसारखा, सलग दोन वर्षं नॅशनल लीगमध्ये सगळ्यात जास्त इनिंग टाकणारा, वीस-बावीसला मिळाला तरी पुरे.

---

आकडेमोड | १३ मार्च, २१:५०

पूर्ण सहमत. उलट तुम्हीच विकायला निघा. मिलर आणि कॉन्ट्रेरास तुमच्या सहात बसत नाहीत, पण तुमच्या लीगमध्ये दोन-तीन जण तरी असतील ज्यांच्याकडे सहावा धड कीपर नाही. त्यांच्यासाठी ९ डॉलरचा मिलर सोन्यासारखा. बदल्यात रिझर्व्ह ड्राफ्टची पहिली फेरी मागा. १६ तारखेनंतर हे दोघे तुमच्यासाठी शून्य आहेत.

---

फ्रीमाँट_फाटा | १४ मार्च, ००:१०

मिलर वाया जाऊ देऊ नका एवढंच माझं मागणं.

---

चिंचपोकळी_एक्सप्रेस | १४ मार्च, ०८:१५

व्हीलर नको हे मान्य. पण कॅरल ठेवलात तर लिलावात स्टीलवर एक डॉलरही घालायचा नाही, हे वचन द्या. बोली लावताना हात शिवशिवतात. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर दणकट मारणारे घ्या, ते पळत नसले तरी चालेल. अलोन्सो, ओल्सन असे. आणि सरासरी सांभाळा. एलीने गेल्या वर्षी २१८ स्ट्राइकआउट खाल्लेत, दोन्ही लीगमध्ये सगळ्यात जास्त. .२५९ आणि .२३१ एकाच संघात असतील तर त्यांना उचलून धरणारं कोणी हवं. विटचे .३३२ एकट्याने पुरणार नाहीत.

---

एडिसनकर | १६ मार्च, १८:२०

यादी पाठवली. विट ३७, एली १७, चुरिओ १५, स्कूबल १३, वुड १०, कॅरल २५. एकूण ११७, उरले १४३.

व्हीलरला नम्रपणे नकार दिला. मिलर लीगमधल्या एकाला दिला, बदल्यात रिझर्व्हची पहिली निवड मिळाली. कॉन्ट्रेरासला गिऱ्हाईक सापडलं नाही, तो लिलावात जाईल. अकुन्याला सोडताना हात जड झाला, पण मीठभाकरांचे २०२२चे आकडे डोळ्यांपुढून हलेनात. ३६पर्यंत बोली लावणार, त्यापुढे नाही.

चिंचपोकळी_एक्सप्रेस, वचन दिलं.

---

मीठभाकर | १६ मार्च, १९:००

छान यादी. यात पंचविशीच्या पुढचा फक्त स्कूबल आहे.

---

गल्लीक्रिकेट | १९ मार्च, २१:३०

टोकियोतले मेजर लीगचे दोन्ही सामने बघितले! इथे दुपार होती, ऑफिसात मोबाइल टेबलाखाली धरून. ओहतानीचा होमरन दिसला. आता हे व्यसन लागणार असं वाटतंय. लिलावाचं काय ते लवकर कळवा.

---

एडिसनकर | २३ मार्च, ०९:४५

काल सहा तास चालला. आकडेमोड, महागाई तुम्ही सांगितल्याच्या अगदी जवळ निघाली. मधल्या फळीतल्या खेळाडूंसाठी तर जास्तच, कारण शेवटी तीन जणांकडे बरेच पैसे उरले होते.

अकुन्या ३९ला गेला. ३६वर थांबलो. ३७ म्हणायला तोंड उघडलं होतं, शेजारी बायको बसली होती, तिने माझा कागद पुढे सरकवला ज्यावर मी स्वतः ३६ लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

अलोन्सो ३३, वेब २१, कॉन्ट्रेरास परत घेतला २४ला. १६चा २४ला घ्यावा लागला हे महाग आहे, पण दुसरे कॅचर बघून एक्सप्रेसचं म्हणणं पटलं. स्टीलसाठी एकही डॉलर खर्च केला नाही. क्लोजर मात्र दुबळा राहिलाय, एकच आहे आणि त्याची जागाही पक्की नाही.

आणि रिझर्व्हची पहिली निवड: कुमार रॉकर! टेक्सासच्या जॉन ग्रेचं मनगट चेंडू लागून मोडलंय, त्यामुळे रॉकरला सुरुवातीपासूनच रोटेशनमध्ये (सामना सुरू करणाऱ्या पिचरांच्या पाळीत) जागा मिळेल असं दिसतंय.

---

डेट्रॉइटकरीण | २३ मार्च, १०:२०

अभिनंदन! वेब २१ला म्हणजे उत्तम. आता सेव्हसाठी घाई करू नका. एप्रिलमध्ये दोन-चार संघांचे क्लोजर बदलतातच, दर रविवारी वेव्हरवर (मोकळ्या खेळाडूंच्या यादीवर) नजर ठेवा. बेंचवर एक जागा त्यासाठीच मोकळी ठेवा.

---

चिंचपोकळी_एक्सप्रेस | २३ मार्च, १०:५५

सेव्हसाठीच स्टील विका ना. मे कशाला, लीगमध्ये दोन क्लोजर असलेला आणि पळणारा एकही नसलेला संघ आत्ताच शोधा. सगळ्यांच्या याद्या इथे टाका, मी आणि आकडेमोड मिळून बघतो.

---

एडिसनकर | २३ मार्च, ११:१०

टाकतो संध्याकाळपर्यंत. अमेरिकेतली सलामी गुरुवारी २७ला आहे, त्याआधी एक प्रस्ताव तरी पाठवायचा आहे.